सालदार यंत्रमानव : खेळातल्या एका पात्राची घडण

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने 'मी आता असे करतो' म्हणतात आणि ते जमले की फसले हे फासा ठरवतो. कागद, पेन्सिल आणि फासे यांपलीकडे साहित्य लागत नाही. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. इंग्रजीत यांना टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा प्रकार रुळला. विज्ञानकथेच्या अंगाने जाणारे खेळही लगोलग आले. मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' १९७७चा. १९८४च्या 'पॅरानोया'त तर सगळ्या माणसांवर एक संशयी संगणकच राज्य करतो. आपल्याकडे मोठ्या शहरांतली तरुण मुले हे खेळ खेळतात. धुळे-जळगावकडे ते अजून नवलाचेच आहेत. पण गोष्ट सांगणे, सोंग घेणे आणि दान टाकणे या तिन्ही गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. अखाजीला खानदेशातल्या ओट्यांवर पत्त्यांचे डाव पडतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा खेळ समजावायला दहा मिनिटे पुरतात.

या खेळांत यंत्रमानवाचे पात्र बहुतेक वेळा कंटाळवाणे का होते आणि ते वेगळे करायचे तर काय करावे लागते, हा या लेखाचा विषय. मी आणि माझ्या नात्यातली, ओळखीतली मुले गेली काही वर्षे एक खेळ रचत आहोत. त्यात पुढच्या शतकातला खानदेश आहे, आटलेली नदी आहे आणि एक यंत्रमानव आहे. त्याचे नाव जागल्या.

आधी नेहमीचे साचे पाहू. पहिला साचा आज्ञाधारक नोकराचा, दुसरा बंडखोराचा, तिसरा माणूस होऊ पाहणाऱ्या यंत्राचा. हे तिन्ही साचे एकाच नाटकातून निघाले आहेत असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२०मध्ये छापले गेले आणि १९२१च्या जानेवारीत प्रागमध्ये त्याचा प्रयोग झाला. 'रोबोट' हा शब्द जगाला या नाटकाने दिला. तो सुचवला मात्र कारेलच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायचे फुकटचे काम. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. तेव्हा रोबोटचे खरे मराठी भाषांतर 'यंत्रमानव' नसून 'वेठ्या' किंवा 'वेठबिगार' असे व्हायला हवे होते. चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हतेच. ते कारखान्यात कालवलेल्या जिवंत द्रव्यापासून बनवलेले होते. 'यंत्रमानव' शब्दात यंत्र दिसते आणि वेठ दिसेनाशी होते.

पुढे आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४२च्या 'रनअराउंड' या कथेत यंत्रमानवांचे तीन नियम स्पष्ट मांडले : माणसाला इजा करायची नाही, हुकूम पाळायचा, आणि या दोहोंना बाध न येता स्वतःला जपायचे. कथा म्हणून ते नियम फार सुपीक ठरले. पण नीट पाहिले तर ते चांगल्या नोकराकडून असलेल्या मालकाच्या अपेक्षा आहेत. नोकराची मालकाकडून काही अपेक्षा असेल, त्यासाठी चौथा नियम नाही. मराठीत जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत वामन भेटतो. एका पुरातन, प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून घडवलेला हा यंत्रमानव आहे. नावातच पुराणातला बटू आणि त्याची तीन पावले आहेत, त्यामुळे धोका कुठून येणार याचा वास मराठी वाचकाला आधीच लागतो. खेळांच्या दुनियेत २००४ साली 'एबेरॉन' या कल्पित जगात 'वॉरफोर्ज्ड' आले. लढण्यासाठीच घडवलेले हे प्राणी युद्ध संपल्यावर तहाने मुक्त झाले. आता करायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. मला हे पात्र आवडते. तरी त्यांचा प्रश्न मुक्तीनंतरचा आहे. मुक्त आणि गुलाम यांच्या मधली जागा कुणी फारशी खेळलेली नाही आणि खानदेशात ती जागा आपण रोज पाहतो. तिचे नाव सालदारकी.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतकऱ्याकडे राहिलेला गडी. महिन्याच्या बोलीचा तो महिनदार. आपल्याकडे साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होते आणि पुढच्या अखाजीला संपते. त्या सुमारास जुना हिशोब मिटतो, नवी बोली होते, गडी राहतो किंवा दुसरीकडे जातो. सालदार काही वेठबिगार नाही; त्याला जायची मोकळीक आहे. पण बोली ठरताना तो उचल घेतो. घरात लग्न असते, आजारपण असते. ती उचल कामातून फिटते. फिटली नाही तर पुढच्या सालात ओढली जाते आणि मग मोकळीक कागदावर उरते. वेठबिगार पद्धत रद्द करणारा केंद्राचा १९७६चा कायदा उचलीच्या या दोरीलाच हात घालतो. कर्जापोटी करून घेतलेले सक्तीचे काम त्याने बेकायदा ठरवले आणि तसले कर्जही रद्द केले.

तर आमचा जागल्या सालदार आहे. त्याच्या कागदावर ताकद, चपळाई, बुद्धी असे नेहमीचे रकाने आहेत, पण सगळ्यांच्या वर एक वही आहे : उचल वही. त्याला नवी बॅटरी लागली, गुडघ्याचे बेअरिंग गेले, डोळ्याची काच तडकली, की खेळाडू ते देतात आणि वहीत मांडतात. दर दिवसाच्या कामाने ठरलेला आकडा वजा होतो. खेळातली अखाजी आली की वही उघडायची. बाकी शून्य असेल तर जागल्या राहायचे की नाही ते स्वतः ठरवतो. बाकी असेल तर त्याला जाता येत नाही. नियम इतकाच.

तो कामाला कुणाकडे आहे, हा पुढचा प्रश्न. एका मालकाकडे ठेवला असता तर पुन्हा नोकर-मालकाचीच गोष्ट झाली असती. इथे पांझरेकाठची फड पद्धत उपयोगी पडली. धुळे जिल्ह्यात, विशेषतः साक्री तालुक्यात, नदीवर दगडी बंधारा घालून पाटाने पाणी वळवण्याची ही जुनी सामुदायिक रीत. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे साधारण तीन-चार फड पाडतात, एका फडात एका हंगामात एकाच प्रकारचे पीक घेतात आणि दर साली पिकांची जागा फिरवतात. फडात प्रत्येकाची जमीन स्वतःची, पण पाणी सगळ्यांचे. म्हणून पाण्यावर हात चालवायचा तो नेमलेल्या माणसांनी. पाटकरी पाटाचे पाणी फडाफडात सोडतो, बारेकरी ते शेतात नेतो, जागल्या पिकाची राखण करतो, हवालदार या सगळ्यांवर देखरेख ठेवतो. त्यांचा मोबदला शेतकरी मिळून देतात. पाणी कमी पडले तर कुठला फड सोडायचा हे पंच ठरवतात. स्वतःच्या शेतात स्वतः फळी उचलून पाणी घ्यायचे नाही, ही या व्यवस्थेतली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शहाणी गोष्ट आहे असे माझे मत आहे.

आमच्या यंत्रमानवाकडे पाटकऱ्याचे आणि जागल्याचे अशी दोन्ही कामे आहेत. नाव राखणीवरून पडले, कारण तो झोपत नाही. तो फडाचा सालदार आहे, कुणा एका शेतकऱ्याचा नाही. हुकूम पाळणे हा त्याचा नियम नाही. पाळी पाळणे हा आहे. चारही खेळाडू शेतकरी आहेत आणि चौघांनाही त्याच्याकडून पाणी हवे असते.

आता त्याच्या शरीराकडे येऊ. खेळ रचणारे इथे सहसा आळस करतात. यंत्रमानवाच्या पोटात 'अणुभट्टी' लिहून मोकळे होतात आणि मग त्याला भूक लागत नाही. भूक नसलेल्या पात्राला उचल कशाला लागेल? न खाता चालणारे यंत्र हे फार जुने स्वप्न आहे आणि त्याचा एक धागा आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्यापर्यंत येतो. तिथल्या इ. स. १२०७च्या शिलालेखात, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख अभ्यासकांपुढे आणला. त्यातल्या जुन्या मराठी ओळींत पेठेतून आणि तेलाच्या घाण्यांकडून मठाला काय मिळावे ते नेमून दिले आहे. विद्वानांच्या मठालासुद्धा तेल लागतेच. भास्कराचार्यांचे मूळ गाव कोणते हा वाद जुना आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

त्याच भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, म्हणजे ११५०च्या ग्रंथात, यंत्राध्यायात 'स्वयंवह' चाक आहे. हलक्या लाकडाचे चाक घ्यायचे, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवायचे, ते सगळे एकाच बाजूला थोडे कललेले ठेवायचे आणि त्यांत अर्धा पारा भरायचा. चाक आसावर चढवले की पारा एका बाजूला परिघाकडे आणि दुसऱ्या बाजूला आसाकडे सरकेल, एक बाजू जड राहील आणि चाक आपोआप फिरत राहील, अशी ही कल्पना. ते फिरत राहत नाही. खाली येताना पारा जेवढी ऊर्जा देतो तेवढीच तो पुन्हा वर नेताना खर्च होते आणि आसाचे घर्षण वरून आपला वाटा घेते. पारा परिघाकडे लांब सरकतो त्या बाजूला कमी आरे असतात आणि दुसऱ्या बाजूला जास्त. हिशोब शेवटी जुळतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पक्का व्हायला अजून सातशे वर्षे होती, तेव्हा भास्कराचार्यांना दोष देण्यात अर्थ नाही. युरोपातही तेराव्या शतकापासून असली चाके कागदावर फिरत होती. त्याआधी, सातपुड्यापलीकडे धारला भोज राजाच्या नावावरील 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात लाकडी बाहुल्या आणि यंत्राचे द्वारपालही आहेत. त्यांची नेमकी रचना सांगितलेली नाही आणि ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी सांगत नाही, असा खुलासा ग्रंथात आहे. हा खुलासा वाचून मला दरवेळी हसू येते. आजच्या कंपन्याही हेच सांगतात.

जागल्याला आम्ही स्वयंवह केले नाही. त्याच्या पाठीवर एक चौरस मीटर सौरपत्रा आहे. खानदेशात वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तास पूर्ण ऊन धरू आणि पत्रा उन्हातल्या ऊर्जेपैकी २० टक्के वीज करतो असे धरू. दिवसाला एक युनिट वीज मिळाली. नुसते जागे राहायला, पाहायला, ऐकायला २० वॅट लागतात असे मानले तर चोवीस तासांत जवळजवळ अर्धे युनिट त्यातच जाते. दोन पायांवर चालायला ४०० वॅट धरले, तर उरलेल्या अर्ध्या युनिटात तो दिवसाला जेमतेम सव्वा तास चालेल. पाटाची ५० किलोची फळी अर्धा मीटर उचलायला मात्र अडीचशे ज्यूलही लागत नाहीत, म्हणजे काहीच नाही. या आकडेमोडीतून पात्राचा स्वभाव आपोआप निघाला. जागणे स्वस्त, उचलणे स्वस्त, चालणे महाग. म्हणून तो पाटाच्या कडेला तासन् तास उभा असतो आणि प्रत्येक पाऊल मोजून टाकतो. मुलांनी त्याला आळशी म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांना दुसरा हिशोब दिला : शेतावर राबणारा माणूस दिवसाला अडीच ते तीन हजार किलोकॅलरी खातो, म्हणजे सुमारे तीन ते साडेतीन युनिट. जागल्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जगतो.

वैशाखाचे गणित आणखी मजेदार आहे. ऊन भरपूर, पण पत्रा तापून ६५ अंशांवर गेला की २५ अंशांच्या तुलनेत त्याची वीज सुमारे १६ टक्क्यांनी घटते आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही कमी होते. म्हणजे दुपारी यंत्रानेही निंबाच्या सावलीला बसावे हे बरे. पण सावलीला बसला तर वीज नाही. हा पेच आम्ही सोडवलेला नाही, खेळाडूंवर सोपवला आहे. कुणी त्याला ताडपत्री देतो, कुणी पत्रा काढून उन्हात ठेवतो आणि त्याला सावलीत बसवून वायर ओढतो. ताडपत्री उचल वहीत मांडायची की नाही, यावर एकदा अर्धा तास भांडण झाले.

फाशांचेही वेगळे करावे लागले. माणसांची पात्रे वीस बाजूंचा फासा टाकतात. त्यात १ ते २० प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, ५ टक्के. म्हणजे माणसाच्या हातून अफाट यश आणि अफाट फजिती दोन्ही वारंवार होतात. जागल्यासाठी आम्ही सहा कवड्या घेतल्या. किती कवड्या उताण्या पडल्या ते मोजायचे. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी मानली तर ६४ पैकी ५० वेळा दोन, तीन किंवा चार उताण्या पडतात. सहाच्या सहा फक्त एकदा. रोजच्या कामाला माणसाला ११ किंवा जास्त हवेत, म्हणजे निम्म्या वेळा जमते. जागल्याला दोन कवड्या पुरतात, ६४ पैकी ५७ वेळा जमते. पण पूर्वी कधी न केलेले काम आले की माणसाला १६ लागतात, चारातून एकदा जमते. जागल्याला पाच कवड्या लागतात, ६४ पैकी फक्त ७ वेळा. सवयीच्या कामात तो माणसापेक्षा कितीतरी भरवशाचा आणि अनोळखी प्रसंगात माणसापेक्षा दुबळा. यंत्राचा याहून चांगला स्वभाव मला तरी शब्दांत सांगता आला नसता. खऱ्या कवड्या अगदी निम्म्याने पडत नाहीत. आपल्या हातातल्या कवड्या शंभर वेळा टाकून पाहाव्यात आणि त्याप्रमाणे आकडे हलवावेत.

भाषेबद्दल थोडे. मराठी कथा-सिनेमातला यंत्रमानव नेहमी छापील भाषेत बोलतो, जणू व्याकरण हाच त्याचा आत्मा आहे. पाटावर उभा राहणारा सालदार तसा बोलेल कशाला? जागल्या अहिराणी बोलतो. अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया, तशी पाळीची पायी होते. 'आज पायी कोन्ही शे?' हे त्याचे ठरलेले वाक्य. फळीला हात लावण्याआधी तो ते विचारतोच. सुरुवातीला मुले हे वाक्य हसून, सोंगाड्याच्या सुरात म्हणायची. त्यांच्यातल्या दोघांच्या घरी आजी-आजोबा अहिराणी बोलतात आणि शाळेत ती लपवावी लागते. मग मी नियम केला की जागल्याचे वाक्य कमीत कमी शब्दांत आणि न हसता म्हटले तर एक कवडी पुन्हा टाकता येते. हसणे थांबले. एकाने घरी आजीला विचारून नवी वाक्ये आणली. त्यातले 'मन्हा हिशोब दखाडा' हे आता अखाजीच्या प्रसंगाचे पहिले वाक्य झाले आहे.

सगळ्यात विचित्र नियम शेवटी सुचला आणि माझ्या मते या पात्राचे वेगळेपण त्यातच आहे. जागल्या कोणी खेळायचा? सूत्रधाराकडे ठेवला तर तो माझ्या तोंडचा उपदेशक होतो. एका खेळाडूला दिला तर तो त्याचा हक्काचा होतो. शेवटी आम्ही फडाचीच रीत लावली : दर बैठकीला पाळीने एकेकाने जागल्या व्हायचे आणि त्या दिवशी त्याचे शेत बाकीच्यांनी सांभाळायचे. जागल्याची आठवण म्हणजे ती वही. तिच्यात मागच्याने लिहिलेले वाचूनच पुढच्याने खेळायचे.

याचा परिणाम पहिल्याच हंगामात दिसला. एका मुलाचा ऊस वाळत होता. त्याने जागल्याला गाठले आणि पाळी नसताना दोन तास पाणी मागितले. बदल्यात वहीतली निम्मी उचल सोडतो म्हणाला. त्या दिवशी जागल्या असलेल्या मुलीने पाणी सोडले. अखाजीला मोकळे व्हायचे होते, तिचे गणित चुकीचे नव्हते. पुढच्या बैठकीला पाळीने जागल्या झाला तो ज्याचा कांदा त्या दोन तासांमुळे करपला होता तोच. वहीत सुटलेली निम्मी उचल त्याला दिसली. तो मोकळेपणाच्या जवळ होता आणि स्वतःचे शेत बुडवून होता. पंच बसले. उचल सोडणारा म्हणाला, वही माझ्या एकट्याची नव्हतीच, मला सोडायचा अधिकार नव्हता, ती परत मांडा. म्हणजे चोरीच्या पाण्याचा दंड जागल्याने भरायचा. तो संबंध वेळ पंचांत याच एका मुद्द्यावर वाद चालला. निकाल लागला तो असा : उचल सुटलेलीच राहील, पण ती सोडणाऱ्याच्या वाट्यातून फडाला भरून दिली जाईल, आणि जागल्याने पाळी मोडल्याबद्दल एक कवडी कायमची कमी होईल.

तेव्हापासून जागल्या पाच कवड्यांवर आहे. रोजच्या कामाचे त्याचे जमण्याचे प्रमाण ३२ पैकी २६ वर आले आहे, अनोळखी कामाला पाचही उताण्या पडाव्या लागतात, म्हणजे ३२तून एकदा. पाटाची डागडुजी त्याच्याकडून पूर्वीसारखी होत नाही, म्हणून एका खेळाडूला दर पाळीला सोबत जावे लागते. खेळातली तिसरी अखाजी येत्या उन्हाळ्यात, खऱ्या अखाजीच्या सुट्टीत ठेवली आहे. वहीतली बाकी सध्या अकरा दिवसांच्या कामाएवढी आहे आणि गुडघ्याचे बेअरिंग पुन्हा वाजू लागले आहे. नवे घेतले तर अकराचे चाळीस दिवस होतील. त्या बैठकीला जागल्या कोण असेल, ते पाळीने आधीच ठरलेले आहे.